आतल्या खोलीतलं बटण

१

जळगावच्या पिंप्राळ्यात भाईदास आबांच्या घरी एक कायदा होता. कॉम्प्युटर लावायचा तर आधी आतल्या खोलीतला कूलर बंद करायचा. का, तर घर बांधताना वायरिंग केलं होतं द्रौपदाबाईंच्या सख्ख्या भावानं, आणि त्या बहाद्दरानं वायर वाचवण्यासाठी बैठकीतला प्लग आणि आतल्या खोलीतला प्लग एकाच लायनीवर घेतले होते. मेहुण्याचं काम, तेही फुकटातलं. बोलणार कोण आणि कोणत्या तोंडानं? तेव्हापासून आत कूलरची मोटार घरघरली की बाहेर आबांचा कॉम्प्युटर मान टाकायचा.

मग आबा खुर्चीत बसून, बटणावर बोट ठेवून आरोळी द्यायचे, "कूलर!" द्रौपदाबाई असतील तिथून उठायच्या, आत जाऊन बटण वर करायच्या आणि तिथूनच ओरडायच्या, "व्हयना बंद!" एवढं झालं की आबा आपलं बटण दाबायचे. गल्लीतली पोरं या आरोळीची नक्कल करायची. करोत बापडी.

आता जळगावचा मे महिना ज्यानं काढलाय त्यालाच कळेल, भर दुपारी कूलर बंद करणं म्हणजे काय. द्रौपदाबाई नरडाण्याकडच्या, बोलणं अस्सल अहिराणी. त्या कपाळाचा घाम पदरानं पुसत म्हणायच्या, "तुमना बायोडाटा तयार व्हस, आन आठे मन्हं भरीत व्हस."

बायोडाटा म्हणजे लग्नाचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर आबा कॉम्प्युटर शिकले आणि गल्लीतल्या तमाम लग्नाळू पोरापोरींचे बायोडाटा करून द्यायला लागले. फुकट. जयभीमवाले, खान, पाटील, कोणीही या. फक्त 'मुलगी गोरी लिहा आबा' असं कोणी म्हटलं की चष्म्यावरून बघायचे. "फोटो लावलाय ना? डोळे असतील तर बघतील."

गेल्या मेमध्ये, एका रणरणत्या दुपारी, त्याच खुर्चीत बसल्या बसल्या आबा गेले. डॉक्टर म्हणाले ऊन बाधलं, त्यात हृदय कमजोर. एकुलती एक लेक संघमित्रा धुळ्याहून धावत आली तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं आणि द्रौपदाबाई भिंतीला टेकून, कोरड्या डोळ्यांनी, समोर बघत बसल्या होत्या. त्या दिवशी त्या रडल्या नाहीत. पुण्यानुमोदनाच्या दिवशीही नाही, आणि पुढेही नाही.

२

जानेवारीत संघमित्रा आईला कायमचं न्यायला आली. दिवाळीत द्रौपदाबाई न्हाणीत पाय घसरून पडल्या होत्या आणि शेजारच्या हसीनाबीनं हाका ऐकून दार ढकललं म्हणून निभावलं. त्यानंतर संघमित्रेच्या डोळ्याला डोळा लागेना. राकेशनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, धुळ्याच्या देवपुरातल्या घरात सासूबाईंसाठी खोली रंगवून ठेवली होती. संघमित्रा तिथेच कॉलेजात फिजिक्स शिकवायची. रजा मोजकी, पण आई तयार होती, म्हणजे तसं वाटलं तरी.

भांडी बांधून झाली. गोधड्या बांधल्या. कूलर तर दसऱ्यालाच जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर गेला होता. तो राहू दे म्हणाल्या. आणि मग द्रौपदाबाई कॉम्प्युटरसमोर येऊन अडल्या.

"हाऊ सुरू व्हऊ दे. मंग येसू मी."

"माय, तो बिघडलाय. तिकडे नेऊन दुरुस्त करू ना."

"नही. आठेच सुरू व्हवाले पाहिजे. पडस, उठस, परत पडस. तेस्नी वस्तू अशी टाकीसन कशी येऊ?"

स्वतः न्हाणीत पडलीस ते विसरलीस आणि या डबड्याची काळजी, असं संघमित्रेच्या अगदी ओठावर आलं होतं. ती गिळून बसली. आईचा हट्ट तिला माहीत होता. आबासुद्धा त्यापुढे हात टेकायचे. बरं, चालू करून दाखवू आणि निघू, त्यात काय.

तिनं बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडद्यावर ते गोल गोल फिरणारे ठिपके आले. आता उघडणार, असं वाटेपर्यंत सगळं गप्पकन काळं. क्षणभर शांतता. मग आपोआप पुन्हा पंखा, पुन्हा ठिपके, पुन्हा काळं. दम लागलेलं माणूस जिन्याच्या त्याच पायरीवर परत परत बसावं तसं चाललं होतं.

ती वायरी काढून लावत राहिली, धूळ पुसली, आतल्या मेमरीच्या पट्ट्या खोडरबरानं घासल्या. काही उपयोग नाही. उठणार होती तेवढ्यात एक गोष्ट तिच्या कानानं टिपली. पडदा काळा होण्याच्या जरा आधी आतल्या खोलीत बारीकसा आवाज व्हायचा. टक्.

पाल असेल, तिनं स्वतःला सांगितलं.

३

हसीनाबीचा थोरला तौफिक बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचा. हाक मारल्याबरोबर आला. आबांनी त्याचाही बायोडाटा केला होता आणि त्याच बायोडाट्यावर त्याचं लग्न जमलं होतं, त्यामुळे या घरात तो पैशाचं नाव काढू द्यायचा नाही.

"मितूताई, सोपं काम आहे. पॉवर सप्लाय गेला असणार," म्हणत तो डबा स्कूटरवर घालून घेऊन गेला. संध्याकाळी हसत परत आला. "अहो, दुकानात मस्त चालू होतो! दुपारभर चालू ठेवला. काहीच नाही झालेलं त्याला."

बैठकीत आणून लावला. ठिपके आले, आणि काळं.

तौफिकचं हसू गेलं. त्यानं मीटर लावून बघितलं, अर्थिंग बघितलं, प्लग उघडून वायर बदलली. मीटरकडे बघत तो पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिला. शेवटी मान वर करून म्हणाला, "ताई, व्होल्टेज पडतंय. बरोबर सुरू व्हायच्या टायमाला. घरात मोठी मोटार लागल्यावर पडतं तसं. आत कूलर चालू आहे का?"

जानेवारीत! बाहेर माणसं स्वेटर घालून भरिताच्या पार्ट्या झोडत होती. संघमित्रेला हसू आलं. तौफिकलाही आलं. आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या द्रौपदाबाई हसल्या नाहीत, हे संघमित्रेनं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तौफिक दुकानातला कोरा करकरीत यूपीएस घेऊन आला. आता वीज पडो नाहीतर जावो, कॉम्प्युटरला कळणारसुद्धा नाही, असं त्याचं म्हणणं. बटण दाबलं. ठिपके फिरले. आत टक् झालं. कॉम्प्युटर मेला, आणि यूपीएस आपला शहाण्यासारखा हिरवा दिवा लावून बसलेला, जणू घरात काही घडलंच नाही.

तौफिकनं यूपीएसची वायर काढली. मग त्यानं आपला पेचकस, मीटर, सगळं निमूट पिशवीत भरलं.

"बॅटरीवर चालणारी वस्तू भिंतीतल्या विजेनं कशी बंद पडेल, ताई? मला काय समजून नाही राहिलं." चपला घालताना तो हळूच म्हणाला, "तुम्ही ऐकला ना आतला आवाज?"

"पाल आहे," संघमित्रा म्हणाली.

"हं," म्हणाला तौफिक, आणि स्कूटरला किक मारून गेला.

४

या घरात भूत या शब्दाला बंदी होती. लहानपणी संघमित्रा चिंचेच्या झाडाला भ्यायली, तर आबांनी तिला हाताला धरून त्या झाडाखाली नेऊन बसवलं होतं. "बघ, हात लाव, तपास. मग ठरव." त्या एका वाक्यावर तिनं पुढे फिजिक्स घेतलं असं म्हटलं तरी चालेल. तेव्हा आताही तिनं तेच केलं. उठली आणि तपासायला आतल्या खोलीत गेली.

खोली रिकामीच म्हणायची. खिडकी, जिच्यासमोर उन्हाळ्यात कूलर असतो. खिडकीजवळ नवारीची खाट, जिच्यावर आई दुपारी पडायची. गादी बांधून झाली होती, नुसती नवार उरली होती. भिंतीवर कूलरचा प्लग. प्लगमध्ये काहीच खोचलेलं नव्हतं.

पण बटण खाली होतं, म्हणजे चालू.

कोणाच्या तरी हातानं राहिलं असेल. तिनं बटण वर केलं, बाहेर आली, कॉम्प्युटर लावला. टक्. काळं. आत जाऊन बघते तर बटण खाली.

तिला पहिला संशय आला तो आईचा, आणि खरं सांगायचं तर तिला हायसंच वाटलं. जायचं नाही म्हणून म्हातारी असले खेळ करतेय! तिनं द्रौपदाबाईंना शेजारी स्टूलावर बसवलं, सोलायला लसूण घातलेलं सूप मांडीवर दिलं, आणि एका हातानं आईचं मनगट धरून दुसऱ्या हातानं बटण दाबलं.

टक्.

आईचं मनगट तिच्या मुठीत होतं. लसणाची पाकळी सुपात पडली. द्रौपदाबाई लेकीकडे न बघता म्हणाल्या, "तुले काय वाटनं, मी करस?"

जुनं बटण आहे, स्प्रिंग सैल झाली असेल, कॉम्प्युटरच्या थरथरीनं पडत असेल. संघमित्रेनं काळी चिकटपट्टी आणली आणि वर केलेल्या बटणावर आडवी उभी घट्ट मारली. आता पड म्हणावं. बाहेर येऊन कॉम्प्युटर लावला. या वेळी टक् जरा दबका आला, कापडाखालून आल्यासारखा. ती आत गेली. पट्टी जशीच्या तशी होती, एक कोपरासुद्धा सुटला नव्हता. तिनं वरून बोट फिरवून पाहिलं. पट्टीच्या आत बटण खाली होतं.

आणि मग तिला वास आला. ओल्या वाळ्याचा वास. कूलरच्या ताट्यांवर पहिलं पाणी पडतं तेव्हा सुटतो तो, गारेगार, मातकट. उन्हाळ्याच्या सुट्टीतला वास. तिनं माळ्याकडे बघितलं. लुगड्यात गुंडाळलेला कूलर होता तसा होता, लुगड्यावर धूळ. तिनं स्टूल घेतलं, वर चढली, लुगड्याच्या आत हात घालून ताटी चाचपली. ठणठणीत कोरडी.

ती स्टूलावरून उतरली. भर दुपार होती, बाहेर भंगारवाला ओरडत होता, हसीनाबीच्या घरी कुकरची शिट्टी झाली. आणि संघमित्रा, कॉलेजात शिकवणारी बाई, आपल्याच घरात भिंतीला पाठ लावून उभी होती, कारण त्या खोलीत पाठीमागे मोकळी जागा ठेवायचा तिला धीर होत नव्हता.

५

"माय," ती स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "तुला माहीत आहे हे. कधीपासून?"

द्रौपदाबाईंनी गॅस बारीक केला. "पाऊस सरना तैपासून. रोज दुपारले लावस मी. रोज पडस."

"आणि तू एकटी इथे बसून..." संघमित्रेचा आवाज चढला. "मला सांगायचं नाही? घाबरून मेली असतीस तर?"

"त्यास्ले काय घाबरानं, पोरी?"

त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या. मग द्रौपदाबाई पाटावर बसल्या आणि जे त्यांनी एवढ्या महिन्यांत कोणाला सांगितलं नव्हतं, ते सांगायला लागल्या. अहिराणीतच, थांबत थांबत.

आबा गेले त्या दिवशी हसीनाबीकडे लोणच्याच्या कैऱ्या फोडायच्या होत्या. आबा बायोडाटा करायला बसणार होते. आपण घरात नसू, यांनी आरोळी दिली तर ऐकणार कोण, म्हणून द्रौपदाबाई निघतानाच कूलर बंद करून गेल्या. आबांना सांगूनही गेल्या. कैऱ्या खूप निघाल्या, वेळ झाला. परत येऊन पाहतात तर आबा खुर्चीत, मान कलंडलेली. समोर कॉम्प्युटर उठत होता, पडत होता, उठत होता, पडत होता. आणि आत कूलर चालू होता.

"मी बंद करीसन गयथू ना? मंग त्यास्नीच लावा. जीव घाबरा व्हयना व्हई. माले हाक मारी व्हई. मी नव्हतू. मंग स्वतः उठनात, कूलर लावा, आन परत खुर्चीपावत येता येता..." त्यांचे डोळे कोरडेच होते. "तुन्हा आबा आजूक हाक मारी राह्यनात, मितू. आन मी तुन्हासंगे धुयाले चालनू."

असं होतं तर. हे ओझं घेऊन ही बाई मेपासून वावरत होती. पुण्यानुमोदनाचं जेवण नको म्हणाली, नवी साडी नको म्हणाली, आणि पावसाळा सरल्यापासून दुपार झाली की त्या पडणाऱ्या-उठणाऱ्या डब्यासमोर बसत राहिली. संघमित्रेनं आईचे हात हातात घेतले. लसणाचा वास येत होता. आई, तुझी काही चूक नाही, असं म्हणून या बाईचं समाधान होणार नव्हतं, हे तिला कळत होतं. आबांच्या लेकीला आता तपासणंच भाग होतं.

"माय, जीव घाबरा झाला तर माणूस आतल्या खोलीत जाऊन काय करील? कूलर लावून तिथंच खाटेवर पडेल ना? आबा परत बाहेर का आले?"

द्रौपदाबाईंनी मान वर केली.

"कूलर लावला म्हणजे कॉम्प्युटर चालणार नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? तरी लावला. आठव. तू आल्यावर आत कूलर बंद करायला गेलीसच ना? तेव्हा खोलीत काय होतं?"

"काय व्हई? खाट व्हती. गादी झटकेल. तांब्या."

"कसला तांब्या?"

"पानीना. खाटजोडे, वर पेला झाकेल. आन मन्ही उशी..." त्या थांबल्या.

"तू ठेवून गेली होतीस?"

गॅसवर डाळ रटरटत होती.

"नही," द्रौपदाबाई म्हणाल्या. "मी नही ठेया."

संघमित्रेनं आईचे हात घट्ट धरले. "ते तुला हाक मारत नव्हते, माय. तू उन्हातून येणार म्हणून खोली गार करून ठेवत होते. तुझ्यासाठी लावला तो कूलर. आणि कॉम्प्युटर पडतोय तर पडू दे म्हणून समोर बसून राहिले, तुझी वाट बघत."

द्रौपदाबाईंनी तोंडाला पदर लावला. "आन मी व्हतू कैऱ्या फोडत."

"तू परत आलीस त्याआधीच ते गेले होते. त्यांना कुठे कळलं तू आलीस ते?"

हे वाक्य संघमित्रा बोलून गेली खरी, आणि मग दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. कारण आता काय करायचं, ते दोघींनाही एकदमच कळलं होतं.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी द्रौपदाबाईंनी चपला घातल्या आणि त्या हसीनाबीकडे जाऊन बसल्या. हसीनाबीला काही सांगितलं नव्हतं. "द्रौपदाअक्का, आज सकाळपासून तोंड का उतरलंय? चाय पिऊन जा ना," तिचा आवाज भिंतीपलीकडून येत होता. आई काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

संघमित्रा आबांच्या खुर्चीत बसली. आतल्या खोलीचं दार उघडं ठेवलं होतं. खुर्चीतून खाट दिसत होती आणि भिंतीवरचं बटणही. काळी पट्टी तिनं काढून टाकली होती. नवारीवर गादी पुन्हा पसरली होती. उशी मात्र ठेवली नव्हती, पाणीही नाही. ते ठेवायला तिचा हात धजला नाही. ते तिचं काम नव्हतं.

हे मी काय करतेय, तिच्या मनात येऊन गेलं. विद्यार्थ्यांनी बघितलं तर हसतील. आबाच हसतील! तिनं बटण दाबलं.

ठिपके फिरायला लागले. आत टक् झालं, आणि या वेळी तिनं ते डोळ्यांनी पाहिलं. बटण झटक्यानं नाही पडलं. हळूच दाबलं गेलं, जपून, झोपलेल्या माणसाची झोपमोड होऊ नये म्हणून दाबावं तसं. पडदा काळा झाला. वाळ्याचा वास बैठकीपर्यंत आला. खोलीतून घरघर ऐकू येत होती का? आजही तिला खात्रीनं सांगता येत नाही. पण खिडकीकडून गार हवा येत होती आणि खिडकी बंद होती.

मग खाटेच्या कडेला गादी दबली.

जास्त नाही. माणूस जरासं टेकतं तेवढीच. कोणाच्या तरी वाटेकडे डोळे लावून, उठायच्या तयारीत बसल्यासारखी. संघमित्रेला वाटलं ओरडावं, पळावं. आणि त्याच वेळी तिला वाटलं की आपण उठून जावं, त्या दबलेल्या गादीशेजारी बसावं आणि आबांना सांगावं, माझं पण बरं चाललंय हो. दोन्ही तिच्यानं झालं नाही. खुर्चीचा दांडा धरून ती बसून राहिली. कॉम्प्युटर उठला, पडला. उठला, पडला.

फाटक वाजलं. दारात द्रौपदाबाईंनी चपला काढल्या, पायरीवर पाय पुसले, आणि उन्हातून आलेली बाई घरात शिरताना आल्याचं सांगते तसं, सहज, मोठ्यानं म्हणाल्या, "उनू बरं मी!"

त्या लेकीकडे बघत नव्हत्या. सरळ आत गेल्या आणि खाटेवर आडव्या झाल्या, भिंतीच्या बाजूला, कडेची दबलेली जागा सोडून. कपाळावरचे पांढरे केस मागे उडत होते. पदराचं टोक फडफडत होतं. त्यांनी डोळे मिटले. "आहा," त्या म्हणाल्या, "कशी गार करी ठेयी शे खोली!"

दबलेली गादी थोडा वेळ तशीच राहिली. मग हळूहळू वर आली, सपाट झाली.

बटण वर गेलं.

७

बैठकीत कॉम्प्युटरचे ठिपके फिरत होते. ते फिरले, फिरले, थांबले, आणि पडदा उजळला. आबांनी लावलेलं चित्र आलं: सोनगीरच्या किल्ल्यावर सगळे सहलीला गेले होते तेव्हाचं, संघमित्रा परकरात, आई डोळ्यांवर हात धरून. सुरू झाल्याचा तो ओळखीचा सूर वाजला. किती दिवसांनी वाजला!

"माय! झाला! झाला सुरू!" संघमित्रा रडत हसत ओरडली.

द्रौपदाबाई उठून आल्या. पडद्याकडे बघून त्यांचा चेहरा असा खुलला की मेपासून लेकीनं तो तसा पाहिला नव्हता. त्यांनी पडद्यावर हात फिरवला, कपाळावर बोटं मोडली. "व्हयना गं माय. व्हयना." मग म्हणाल्या, "बंद करीसन लाव बरं आखो एक डाव. देखू."

संघमित्रेनं बंद करून लावला. ठिपके, चित्र, सूर. झकास.

"आखो एक डाव."

पुन्हा लावला. या वेळी द्रौपदाबाई पडद्याकडे बघत नव्हत्या. त्या आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन उभ्या राहिल्या होत्या, मान जराशी कलती करून, भिंतीवरच्या बटणाकडे बघत. सूर वाजला. बटण वरच होतं. खोलीत कसला वास नव्हता. खिडकीच्या फटीतून ऊन आलं होतं, एवढंच.

"आखो," त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता.

संघमित्रेला आत्ता कळलं. बाई गं, आपण काय करून बसलो! तिनं वळून आईकडे पाहिलं.

"आते त्या नही येवावत," द्रौपदाबाई म्हणाल्या. आणि उंबऱ्यावरच बसून, मे महिन्यापासून कोंडून ठेवलेलं सगळं रडायला लागल्या, हुंदके देत, लहान पोरीसारखं, पदर तोंडात धरायचं भानही न ठेवता. भिंतीपलीकडून हसीनाबी "क्या हुआ, क्या हुआ" करत धावत आली आणि दारातच थबकली. संघमित्रा आईजवळ जमिनीवर बसली, तिचं डोकं मांडीवर घेतलं. आईचे केस तिनं नुसते मागे सारले.

पुष्कळ वेळानं द्रौपदाबाई शांत झाल्या. नाक पुसलं, लुगडं सावरलं. "उद्या सकायनी गाडी शे ना धुयानी?" त्यांनी विचारलं. "जाऊत."

"जाऊ, माय."

संघमित्रा उठली. कॉम्प्युटर बांधायचा होता. तिनं तो बंद केला, वायर काढायला वाकली, आणि मग वायर न काढताच तिनं पुन्हा एकदा बटण दाबलं. पड, तिचा जीव म्हणत होता. आबा, एकदा पाडा.

ठिपके फिरले, चित्र आलं, सूर वाजला.

आबांचा कॉम्प्युटर आता अगदी नीट चालू होत होता.